एकट्याने सोडायच्या होडीला शीड कोणतं?

पत्र

ताई, नमस्कार. मी नेरुळला राहतो, नुकताच निवृत्त झालो. दिवाळे गावातल्या ओळखीच्या नाखवाकडून त्याची जुनी १६ फुटी फायबरची होडी घेतली आहे. मागे लहान आउटबोर्ड इंजिन आहे, पण मला शिडावर जायचं आहे. माझ्या आजोबांचा उरणला मचवा होता. त्याचा फोटो घरात आहे, आणि तसंच तिरपं तिकोनी शीड लावावं अशी फार इच्छा आहे. मुलगा म्हणतो, बाबा, क्लबच्या बोटींना असतं तसं उंच शीड लावा, बाकीचं सगळं म्युझियममध्ये शोभतं. होडीवर बहुतेक वेळा मी एकटाच असेन, कधीमधी सौ. येईल. तिला उत्तम पोहता येतं, दोऱ्यांतलं काही कळत नाही. पारंपरिक शिडांपैकी कोणतं घ्यावं? मागे आणखी एक छोटं शीड असलं तर एकट्याला सोपं जातं म्हणतात, ते खरं का? आणि रंग कोणता ठेवू?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर

काका, नमस्कार.

उत्तर आधी देते, कारणं मागाहून. तुमच्या होडीला बॅलन्स्ड लग जातीचं, म्हणजे वरची बाजू तिरपी असलेलं चौकोनी शीड लावा. एकच शीड, आखूड डोलकाठी, तिला बाजूने ताण देणारी एकही तार नाही. मागचं छोटं शीड पहिल्या वर्षी नको. आणि या सगळ्याच्या आधी होडीच्या कुशीला एक फळी बसवून घ्या. ती नसेल तर कुठलंही शीड लावा, वारा नेईल तिकडे जाल आणि परत यायला इंजिनच ओढावं लागेल.

शीड घ्यायचं म्हटलं की लोक विचारतात, पळतं किती, दिसतं कसं, चढवायला सोपं आहे का. एकट्या माणसाने यातलं काही विचारू नये. हे उतरतं किती लवकर आणि उतरवताना मला जागेवरून उठावं लागतं का, एवढंच विचारावं. चढवताना तुम्ही धक्क्याला असता, होडी बांधलेली असते, चहा झालेला असतो. उतरवायची पाळी येते तेव्हा वारा चढलेला असतो, समोरून रेतीचा बार्ज येत असतो, एक हात सुकाणूवर अडकलेला असतो आणि उरलेल्या हाताने जमेल तेवढंच काम होतं. या एका प्रश्नाने निम्मी शिडं बाद होतात. त्यात आजोबांचंही येतं, म्हणून ते पहिलं घेते.

मचव्याच्या शिडाला कमी लेखायची माझी प्राज्ञा नाही. अरबी समुद्रावरचा व्यापार शेकडो वर्षं या घाटाच्या शिडांवर चालला, आणि वारा कुशीला असला की आजही ते कुणाला हार जात नाही. अडचण येते ती बाजू बदलताना. शीड बांधलेली लांब काठी डोलकाठीच्या एका अंगाला टांगलेली असते. होडी वळली, वारा दुसऱ्या कुशीला आला, की शीड डोलकाठीवर दाबलं जातं. नीट चालवायचं तर ती काठी जवळजवळ उभी करायची, तिचं खालचं टोक डोलकाठीला वळसा घालून पलीकडे न्यायचं, आणि शिडाचं मोकळं टोक डोलकाठीच्या पुढून फिरवून आणायचं. मोठ्या मचव्यावर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणूनच नाळ (होडीचं पुढचं टोक) वाऱ्यात घालून वळायच्या भानगडीत पडत नसे. तो पाठ वाऱ्याला देऊन मोठा फेरा घेई, आणि शीड पुढच्या बाजूला फडफडत असताना खलाशी काठी फिरवून घेत. एक जण काठीच्या बुडाशी, एक-दोघे दोऱ्यांवर, एक सुकाणूवर. घरातला फोटो पुन्हा एकदा हातात घ्या आणि मचव्यावर किती डोकी आहेत ती मोजा. शीड एकटं दिसतं, चालवणारे कधीच एकटे नसत.

दुसरं, वारा वाढल्यावर हे शीड आखडता, म्हणजे दुमडून लहान करता येणं कठीण. जुनी रीत अशी की मोठं उतरवायचं आणि दुसरं लहान चढवायचं. तुमच्या होडीत दुसरं शीड ठेवायला जागाही नाही आणि ते चढवताना सुकाणू धरायला माणूसही नाही.

एक पळवाट आहे, ती सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी तुम्हाला सांगेलच. सनफिश नावाची छोटी बोट जगभर तिकोनी शिडावर चालते आणि तिच्यावर माणूस एकटाच असतो. तिथे शीड कायम एकाच अंगाला ठेवतात, दुसऱ्या बाजूने जाताना डोलकाठीचा थोडा दाब चालवून घेतात. हलक्या, जवळजवळ फळीसारख्या बोटीला ते पुरतं, कारण उलटली तर चढून सरळ करता येते. तुमची मासेमारीची होडी जड आहे. ती पाण्याने भरली की एकट्याने सरळ होणार नाही. तिला हवं ते वेळेत लहान होणारं शीड.

मुलाचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेऊ नका. वाऱ्याच्या तोंडावर चढायचं तर त्याच्या उंच तिकोनी शिडासारखं दुसरं नाही, हे उघड आहे. पण त्याला दोन प्रश्न विचारा. क्लबमधल्या लेझर बोटीचं शीड पाण्यात असताना उतरवून दाखव म्हणावं. ते डोलकाठीवर मोज्यासारखं चढवलेलं असतं, धक्क्याला आल्याशिवाय उतरत नाही. आणि ज्या बोटींच्या डोलकाठीला बाजूच्या तारा असतात, त्यांच्यावर मागून जोराचा वारा आला तर शीड सोडून रिकामं कसं करायचं? बूम, म्हणजे शिडाच्या खालची काठी, तारेवर जाऊन अडकतो आणि वारा भरलेलाच राहतो. तारा नसलेल्या डोलकाठीवर दोरी हातातून सोडली की शीड पार पुढे जाऊन झेंड्यासारखं फडफडतं, वारा कुठूनही येवो. होडीवर कुणी दुसरं नसताना या एका सोयीसाठी मी थोडा वेग आनंदाने सोडून देईन.

शिवाय तुमचं पाणी बघा. ठाणे खाडी साधारण उत्तर-दक्षिण पडली आहे आणि दिवाळे आहे ती पनवेलच्या खाडीच्या तोंडाशी. दिवाळीनंतर मार्च-एप्रिलपर्यंत सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो, तो दहा-अकरापर्यंत मरतो, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा धरतो, दहा-पंधरा नॉटपर्यंत (ताशी साधारण अठरा ते अठ्ठावीस किलोमीटर) सहज. म्हणजे खाडीत वर जा की खाली, वारा बहुतेक वेळ कुशीलाच असतो. मुलाच्या शिडाची खरी मर्दुमकी जिथे दिसते, तशी वाट तुमच्या वाट्याला कमीच येणार.

मधली शिडं भरभर सांगते. कोन साधायला एक आडवी-तिरपी काठी ठोसलेलं स्प्रिट शीड स्वस्त आणि गुणी, मुलं शिकतात त्या ऑप्टिमिस्ट बोटींना तेच असतं. १९४७ साली फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी ती बोट आखली आणि आज आठ वर्षांचं पोर ती एकटं चालवतं. पण मोठ्या आकारात ते आखडायला त्रासदायक, आणि काठी सुटली की तिचं टोक कुणाच्या तोंडावर जाईल याचा नेम नाही. वर तिरपी काठी असलेलं गॅफ शीड देखणं, पण त्याला चढवायच्या दोन दोऱ्या, बाजूच्या तारा, पुढे बहुधा आणखी एक तिकोनी शीड. १६ फुटांत इतका संसार कशाला? आखूड डोलकाठीला जोडून वर दुसरी काठी उभी करतात त्या गंटर शिडाच्या काठ्या होडीच्या आत मावतात, ही मोठी सोय, पण होडी ट्रेलरवर घरी नेणाऱ्याला. तुमची दिवाळ्याला पाण्यातच उभी राहणार. डिपिंग लग म्हणजे पुन्हा आजोबांचीच कथा, दर वळणाला काठी फिरवा. आणि हल्ली नौदलाच्या कौंडिण्य जहाजाचे फोटो पाहून चौकोनी शिडाबद्दल विचारणारीही पत्रं येतात, म्हणून त्याचंही सांगते. अजिंठ्याच्या चित्रावरून बांधलेलं, २०२५ साली कारवारला नौदलात दाखल झालेलं ते शिवलेलं जहाज बघून ऊर भरून येतो, पण ते चालवायला खलाशांचा ताफा लागतो.

एका शिडापाशी मात्र थांबायला हवं, कारण एकट्याच्या प्रश्नाला सर्वांत चोख उत्तर त्याचंच आहे. ते म्हणजे चिनी जंक शीड. त्यात आडव्या पट्ट्या असतात, पंख्याच्या काड्यांसारख्या. चढवायची दोरी सैल केली की एकेक घडी आपोआप खाली बसते. हवं तेवढं खाली घ्या, दोरी पुन्हा अडकवा, झालं आखडून. उठायचंसुद्धा नाही. १९६० साली इंग्लंडहून अमेरिकेपर्यंत एकट्याने अटलांटिक पार करायची पहिली शर्यत झाली, तेव्हा ब्लाँडी हॅस्लर नावाचे गृहस्थ जेस्टर या २५ फुटी बोटीवर हेच शीड लावून गेले आणि ४८ दिवसांत दुसरे आले. पहिले आलेले फ्रान्सिस चिचेस्टर यांची बोट बरीच मोठी होती, तरी त्यांना ४० दिवस लागले. तुमच्याकडे २४-२५ फुटांची, वर केबिन असलेली बोट असती तर मी डोळे झाकून जंक सांगितलं असतं. १६ फुटी उघड्या होडीत मात्र पट्ट्यांचं वजन वर जातं, दोऱ्यांचं जाळं पायाशी येतं, आणि सकाळच्या मंद वाऱ्यात सपाट जंक शीड आळसावतं. मोठी बोट घ्याल तेव्हा पुन्हा लिहा.

आता लग शीड. चौकोनी, पण वरची बाजू तिरपी. वर एक काठी, खाली एक काठी, आणि दोन्हींचा थोडा भाग डोलकाठीच्या पुढे आलेला. तो पुढचा भाग हेच त्याचं मर्म. मागच्या शिडाचा जोर तो थोडा तोलून धरतो, त्यामुळे दोरी हलकी लागते आणि मागून वारा असताना शीड अचानक दुसऱ्या बाजूला गेलं तरी सडकन आपटत नाही. वळताना काही फिरवायचं नाही. एका बाजूला ते डोलकाठीवर टेकतं, किंचित वेग जातो, बस. डोलकाठी साधारण होडीइतकीच लांब, म्हणजे १५-१६ फूट, पुढच्या आडव्या पाटातल्या भोकातून खाली तळाच्या खोबणीत उभी. हवी तेव्हा उपटून आडवी करता येते. वर पुलांची कमान किंवा खाडीवरून गेलेल्या विजेच्या उच्चदाब तारा आल्या की याचं मोल कळतं. त्या तारांखालून डोलकाठी उभी ठेवून जायचं नाही, मग ती लाकडाची असो की ॲल्युमिनियमची.

शीड सात-आठ चौरस मीटरचं पुरे. जास्तीचा मोह नको. शीड दुमडून बांधायच्या, म्हणजे आखडायच्या, दोऱ्यांच्या दोन ओळी शिवून घ्या आणि पहिली ओळ बारा नॉटच्या आधीच घ्यायची सवय लावा. पहिल्या काही फेऱ्यांना तर धक्क्यावरूनच एक ओळ आखडून निघा.

हे शीड बदनाम आहे ते एकाच गोष्टीमुळे. लोक ते नीट ताणत नाहीत आणि मग म्हणतात वाऱ्याच्या तोंडावर चढत नाही. वरची काठी पुढच्या टोकापासून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर चढवायच्या दोरीला बांधा, थोडं मागे-पुढे करत जागा सापडेल. ती काठी डोलकाठीला चिकटून राहावी म्हणून दोन्हींभोवती दोरीचा सैल फास घाला, नाहीतर उतरवताना ती वाऱ्यावर झोके घेत फिरते. मग खालच्या काठीला, डोलकाठीच्या अगदी मागे, खाली ओढायची एक दोरी बांधा. हीच दोरी शिडाचा प्राण. दोन कप्प्या लावून ती अशी ताणा की पुढची कड बोटाने छेडली तर कडक लागावी. वारा नसताना वरच्या मागच्या कोपऱ्यापासून खालच्या पुढच्या कोपऱ्याकडे एक तिरपी घडी दिसली पाहिजे. शीड भरलं की ती नाहीशी होते. उलट, वरच्या पुढच्या कोपऱ्यातून खालच्या मागच्या कोपऱ्याकडे सुरकुती पडत असेल तर ताण कमी आहे, आणखी ओढा. काकूंना एवढी एकच सुरकुती ओळखायला शिकवा. दोऱ्या कळायची गरज नाही, सुकाणूवर बसलेल्या माणसापेक्षा समोर बसलेल्याला ती आधी दिसते.

चढवायची दोरी डोलकाठीच्या बुडाशी संपवू नका. एका कप्पीतून वळवून तुम्ही बसता तिथपर्यंत आणा आणि हाताशी असलेल्या खुंटीला गुंडाळा. शिडाच्या दोन्ही बाजूंना डोलकाठीपासून बूमपर्यंत दोन पातळ दोऱ्या झोळीसारख्या सोडा. मग उतरवायचं असेल तेव्हा होडीची नाळ वाऱ्याकडे करा, खुंटीचा एक वेढा राखून दोरी सोडत न्या, आणि काठीसकट शीड झोळीत येऊन पडेल. वेढा राखायचा तो डोकं वाचवायला, काठी मोकळी सोडली तर दणकन येते. काही सेकंदांचं काम, तेही बसल्या जागेवरून. सुरुवातीला मी जो प्रश्न विचारायला सांगितला त्याला इतक्या कमी खर्चात इतकं चांगलं उत्तर दुसऱ्या कुठल्या शिडाकडे नाही.

शीड ओढायची दोरी, म्हणजे शीट, कधीही गाठ मारून अडकवायची नाही. हातात किंवा मांडीखाली. झुळूक आली की सुटली पाहिजे.

आता ती फळी. तुमच्या नाखवाची होडी जाळी टाकायला आणि चिखलावर टेकायला बनवलेली आहे, तळ उथळ, खाली काही नाही. अशी होडी कुशीच्या वाऱ्यात पुढे जाते तितकीच बाजूला घसरते. तळाला भोक पाडून पेटी बसवायला फायबरवाला तयार होईल, पण ते करू नका. जुन्या होडीच्या तळात भोक म्हणजे कायमची गळती, आणि खाडीचा चिखल त्या पेटीत भरला की फळी खाली जातच नाही. त्याऐवजी होडीच्या एका कुशीला, बाहेरून, एका बोल्टवर फिरणारी फळी टांगा. मरीन प्लायवूड, पाण्यात जाणारा भाग शिडाच्या क्षेत्रफळाच्या चार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साधारण ४० सेंटिमीटर रुंद आणि ७५-८० सेंटिमीटर खोल. खालच्या टोकात थोडं शिसं ओतून घ्या, म्हणजे आपण होऊन बुडते. वरून आणि खालून नीट आधार दिला तर एकच फळी दोन्ही बाजूंच्या वाऱ्याला चालते. चिखलाला लागली की मागे उचलली जाते, मोडत नाही. सुकाणूचं पातंही असंच उचललं जाणारं करून घ्या.

फळी पुढे-मागे सरकवता येईल अशी ठेवली तर आणखी एक फायदा. सुकाणू सोडून बघा, होडी हळूच वाऱ्याकडे वळायला हवी. फार जोराने वळत असेल तर फळी किंचित मागे न्या. वाऱ्याच्या पाठीकडे पळत असेल तर पुढे. हे जमेपर्यंत डोलकाठीची खोबण पक्की करू नका.

मागच्या छोट्या शिडाबद्दल तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. ते ताणून बांधलं की होडी स्वतःच नाळ वाऱ्यात धरून उभी राहते, आणि तुम्ही मोकळ्या हातांनी पुढचं शीड आखडू शकता. नुसतं लग असेल तर दोरी सोडल्यावर होडी वाऱ्याला आडवी पडून डुलत राहते. जोशुआ स्लोकम यांनी १८९५ ते १८९८ एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली तेव्हा त्यांच्या स्प्रे बोटीलाही मागचं शीड मुळात नव्हतं, वाटेत त्यांनी ते लावलं. तुम्हीही मागाहून लावा. तुमच्या होडीच्या मागच्या टोकाला आधीच इंजिन आहे, सुकाणू येणार आहे, तिथे आणखी एक काठी आणि दोरी आली की नवशिक्याचे पाय अडकतात. तोवर उथळ पाण्यात आखडायचं असेल तर नाळेवरून छोटा नांगर टाका, होडी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहील. खाडीत नांगराला तळ सापडतोच. फक्त बोटी जायच्या वाटेत टाकू नका.

वेळ साधणं हे शिडाइतकंच महत्त्वाचं. इथे उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं आणि ओहोटीची ओढ लागली की तीन-चार नॉटने चालणाऱ्या होडीचा निम्मा वेग तीच खाऊन टाकते. कोळ्यांचा जुना हिशेब तुम्हाला घरातून माहीत असेल, तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास अंदाजे मिळतो. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार. हेच दिवस तुमचे. दुपारी खारा वारा धरला की साडेबारा-एकला निघा, भरतीच्या विरुद्ध खाली जा, दोन-सव्वादोनला वळा, चढत्या पाण्याबरोबर धक्क्याला या. दमल्यावर पाणी आपल्या बाजूने हवं. पौर्णिमा-अमावास्येला भरती बारा-साडेबाराच्या आत संपते आणि नेमका वारा येतो तेव्हा खाडी रिकामी होत असते, ते दिवस सोडा. चिखलात बसलातच तर खाली उतरून ढकलायला जाऊ नका. त्या गाळात मांडीपर्यंत जाल. फळी वर घ्या, पाण्याची बाटली उघडा, भरतीची वाट बघा.

वाशीचे पूल आणि ऐरोलीचा पूल यांच्या मधला पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिकडे जायचं तर आधी वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे विचारा. पुलांच्या खांबांमागे वारा मरतो आणि पाणी भोवरे घेतं, म्हणून तिथून जायचंच असेल तर शीड उतरवून इंजिनवर. घारापुरी पहिल्या मोसमात नको. वाटेत न्हावाशेव्याची जहाजं येतात, आणि अरुंद वाटेत मोठ्या जहाजाला शिडाच्या होडीने अडवायचं नसतं, हा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. ‘शीडवाल्याचा मान आधी’ हे तिथे लागू होत नाही. होडीची नोंदणी आणि शीड लावल्यावरचे कागद मेरीटाइम बोर्डाच्या बंदर निरीक्षकाकडे जाऊन एकदा नीट करून घ्या. लाइफ जॅकेट काकूंना उत्तम पोहता येत असलं तरी दोघांनाही.

सामानाचं थोडं. वरच्या काठीला सिंधुदुर्गातला माणगा बांबू बघा, जवळजवळ भरीव असतो, हलका आणि चिवट. वर्षभर सावलीत सुकलेलाच घ्या. डोलकाठीला सरळ दाण्याचं लाकूड, पाटाच्या भोकापाशी सर्वांत जाड, तिथेच सगळा भार येतो. आणि पहिलं शीड शिवणवाल्याकडून डेक्रॉनचं, म्हणजे शिडांसाठीच्या पॉलिएस्टर कापडाचं, करून घेऊ नका. चांगल्या ताडपत्रीचं करा. कडा दोनदा दुमडून, आत दोरी घालून, कोपऱ्यांना चार-चार पदर देऊन. एक मोसम टिकेल, उन्हाने पुढे ती भुगाच होते. पण तेवढ्यात शीड किती मोठं हवं, डोलकाठी कुठे हवी, आखडायची ओळ किती वर हवी, हे सगळं कळलेलं असेल, आणि मग डेक्रॉनवर घातलेले पैसे वाया जाणार नाहीत. दिवाळे, सारसोळे, वाशीगावात शिडावर गेलेले म्हातारे नाखवे अजून आहेत. ताडपत्री घेऊन त्यांच्याकडे जा. ते लग शिडाला नावं ठेवतील, पण शिवणीत तुमचं कुठे चुकतंय ते बरोबर सांगतील.

रंग निळा नको, पांढराही नको. खाडीच्या चकाकीत दोन्ही दिसत नाहीत. केशरी ताडपत्री मिळते, ती घ्या. लाँचवाल्याला अर्ध्या मैलावरून दिसेल.